किराण्याच्या खर्चाचा विचार फडताळापासून सुरू व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाव वाढले की आपल्या पत्रात त्याची सविस्तर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी, कारण ज्या घराचे उत्पन्न कमी, त्या घराच्या मिळकतीतला मोठा वाटा अन्नावर खर्च होतो. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांचे जमाखर्च तपासून १८५७ साली ही गोष्ट मांडली आणि ती आजही तितकीच खरी आहे. मात्र या चर्चेत एक बाजू नेहमी राहून जाते. बाजारातले भाव कोणत्याही एका कुटुंबाच्या हातात नसतात. विकत घेतलेल्या सामानापैकी किती पोटात जाईल आणि किती कचऱ्यात, हे मात्र बऱ्याच अंशी त्या कुटुंबाच्या हातात असते. याच बाजूकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरातील दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के, म्हणजे सुमारे ६३ कोटी टन, घराघरांतून टाकले गेले. माणशी वर्षाला ७९ किलो असा हा हिशेब होतो. त्यात साली, देठ, हाडे असे खाण्याजोगे नसलेले भागही धरलेले आहेत हे खरे, पण ते वजा केले तरी उरणारा आकडा अस्वस्थ करणाराच आहे. विशेष म्हणजे घरगुती नासाडी ही केवळ श्रीमंत देशांची खोड आहे, हा समजही या अहवालाने खोटा ठरवला. मध्यम उत्पन्नाच्या देशांतील घरांतही माणशी प्रमाण जवळपास तेवढेच आढळले.

घरखर्चाच्या वहीत हा तोटा कधी दिसत नाही, कारण वहीत आपण खरेदी लिहितो, फेकलेले लिहीत नाही. एक किलो भाजी आणली आणि त्यातली पाव किलो सडून गेली, तर वापरलेल्या पाऊण किलोसाठी आपण किलोचे पैसे मोजलेले असतात. म्हणजेच ती भाजी आपल्याला भावापेक्षा एक तृतीयांशाने महाग पडलेली असते. त्याच भाजीच्या भावात किलोमागे थोडीशी वाढ झाली तर आपण विक्रेत्याशी घासाघीस करतो, पण घरात झालेल्या या भाववाढीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

नियोजन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर यादी येते. माझ्या मते यादी ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे घरात काय आहे ते प्रत्यक्ष डबे उघडून पाहणे, कारण आठवणीवर केलेल्या यादीत जे आधीच घरात आहे तेच पुन्हा येते. कोणतेही फडताळ नीट पाहिले तर वरच्या कप्प्यात, मोठ्या डब्यांच्या मागे, रबर लावून ठेवलेले अर्धे पाकीट हमखास सापडते. डाळ संपली असे समजून नवे पाकीट येते, ते हाताशी येईल असे पुढे ठेवले जाते, जुने आणखी मागे सरते आणि पुढे कधीतरी कीड लागल्यावरच नजरेस पडते. डब्यांच्या बाबतीतही असेच घडते. तळाशी ओंजळभर जुने पीठ असताना त्यावरच नवे ओतले की वरचे वापरले जाते, तळाचे तसेच राहते आणि एके दिवशी त्या जुन्या पिठापायी अख्खा डबा खराब होतो. म्हणून नवे सामान भरण्यापूर्वी जुने वाडग्यात काढून घ्यावे, डबा पुसून कोरडा करावा, नवे तळाशी घालून जुने त्यावर ओतावे. याला लागणारा वेळ अगदी थोडा असतो. फ्रीजमध्येही लवकर संपवायच्या वस्तूंसाठी डोळ्यांच्या पातळीवरचा एखादा कोपरा राखून ठेवला, तर उरलेली अर्धी वाटी आमटी किंवा कापून ठेवलेली अर्धी काकडी मागे दडून राहत नाही.

घरातला साठा कळला की मग आठवड्याचा बेत ठरवावा, आणि तो आपल्याला काय खावेसे वाटते एवढ्यावरच नव्हे, तर कोणती वस्तू किती दिवस टिकते यावर बेतलेला असावा. पालेभाज्या आणि कोवळ्या शेंगा आणल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत, कोबी, गाजर, भोपळा अशा टणक भाज्या त्यानंतर, आणि कडधान्ये, बटाटे यांवरचे पदार्थ आठवड्याच्या शेवटी, असा क्रम ठेवला तर पुढची खरेदी होईपर्यंत घर रिकामे वाटत नाही आणि काही सडतही नाही. एखादी जुडी किंवा गड्डा एका पदार्थात संपणार नसेल, तर त्याचा उरलेला भाग कोणत्या दिवशी लागणार हेही तेव्हाच ठरवून टाकावे; घरातली बरीचशी नासाडी या उरलेल्या अर्ध्यांचीच असते.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. सातही दिवस आणि दोन्ही वेळा काटेकोरपणे आखलेला बेत टिकत नाही. कोणी पाहुणा येतो, कोणाला कामावरून यायला उशीर होतो, कोणी आजारी पडते, आणि एक दिवस चुकला की सगळाच बेत सोडून देण्याकडे मनाचा कल होतो. म्हणून एक-दोन वेळा मुद्दाम मोकळ्या ठेवाव्यात आणि त्या वेळी उरलेसुरले संपवावे. नाशवंत माल तर आठवड्याला लागेल त्यापेक्षा थोडा कमीच आणावा. कमी पडला तर घरातली कडधान्ये निभावून नेतात, जास्त झाला तर मात्र त्यातून सुटका नसते.

यादीत नुसते नाव न लिहिता मापही लिहावे, यावर माझा विशेष भर आहे. ‘तांदूळ’ असे लिहिलेली यादी दुकानात गेल्यावर निर्णय पुन्हा दुकानावरच सोपवते आणि मग समोर जी मोठी पिशवी दिसेल ती उचलली जाते. घराला महिन्याला नेमके किती लागते हे कळण्यासाठी पाकीट फोडले त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख टाकावी आणि संपेल त्या दिवशी किती दिवस पुरले ते पाहावे. एवढे दोन-तीनदा केले की तेल, साखर, चहापूड, साबण या सगळ्यांचा आपल्या घरापुरता खप हाताशी येतो, आणि ही माहिती कोणतेही पुस्तक देऊ शकत नाही. स्वयंपाकातही हेच लागू पडते. तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच-तीन पट होतो, कडधान्ये दुपटीहून अधिक होतात, त्यामुळे अंदाजाने घातलेली एक मूठ ताटात येईपर्यंत बरीच मोठी झालेली असते. घरातली एक ठरावीक वाटी मापासाठी वापरली की रोजच्या उरण्याला चांगलाच आळा बसतो.

साठवणीचे शास्त्र फार अवघड नाही, पण त्यातली थोडी माहिती पैसे वाचवते. फ्रीजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केळी, सफरचंद, पिकते टोमॅटो यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्यामुळे शेजारी ठेवलेल्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून त्यांची जागा वेगळी असावी. पालेभाजी धुऊन ओलीच पिशवीत कोंबली की ती चिकट होऊन सडते. ती निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली तर अधिक दिवस टिकते.

पाकिटावरील तारखांबाबतही गैरसमज आहेत. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव आणि पोत यांच्या उत्तम स्थितीविषयी सांगते. बंद पाकिटातले कोरडे सामान नीट ठेवलेले असेल तर त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी ते फेकून देण्याचे कारण नसते. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही तारीख मात्र सुरक्षिततेची असते आणि काटकसरीच्या नावाखाली ती ओलांडू नये. त्यातून ओढवलेले आजारपण वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी महाग पडते.

दुकानातल्या सवलतींबद्दल थोडक्यात लिहिते. दोन वस्तूंच्या किमतीत तीन मिळाल्या आणि तिन्ही वापरल्या गेल्या तर एक तृतीयांश पैसे वाचतात. तिसरी वाया गेली तर बचत शून्य होते, वर घरातली जागा अडते. पाकिटाची किंमत न पाहता किलोचा भाव काढून तुलना करावी, कारण किंमत तीच ठेवून ५०० ग्रॅमचे पाकीट ४५० ग्रॅमचे केले की माल अकरा टक्क्यांनी महागतो आणि ते सहजासहजी लक्षात येत नाही.

हे सर्व लिहिताना एका गोष्टीची जाणीव ठेवणे मला आवश्यक वाटते. ज्या घरात रोजच्या कमाईवर रोजची चूल पेटते, त्या घराला महिन्याचा किराणा एकदम भरण्याचा सल्ला देणे अन्यायाचे आहे. लहान पुड्या किलोच्या हिशेबाने अनेकदा महाग पडतात हे त्या घरांनाही ठाऊक असते, पण हातात एकरकमी पैसेच नसतात. तेव्हा गरिबी ही नियोजनाच्या अभावातून येते असा सूर अशा लेखनातून उमटू नये. जेथे शक्य आहे तेथे दोन-तीन कुटुंबांनी मिळून धान्याचे मोठे पोते घेऊन वाटून घेणे, किंवा हातात थोडे जास्त पैसे असतील त्या आठवड्यात एखादीच टिकाऊ वस्तू मोठ्या मापात घेणे, एवढे करता येते. त्यापलीकडचा प्रश्न मजुरीचा आणि भावांचा आहे, आणि तो त्याच पातळीवर सोडवायला हवा.

दुसरी गोष्ट घरातल्या कामाच्या वाटणीची आहे. काय संपले, काय आणायचे, काय आधी वापरायचे हे सगळे बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यात असते, आणि ती दमली किंवा परगावी गेली की सगळा हिशेब विस्कटतो. स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असा एक कागद लावून ज्याच्या हातून वस्तू संपली त्यानेच ती तेथे लिहायची, हा नियम मुलांसकट सर्वांना लावला, तर यादी आपोआप तयार होते आणि तिचे ओझे एकटीवर राहत नाही. बेत ठरवतानाही सर्वांनी बसावे. ज्याने ताटातले ठरवण्यात भाग घेतला, तो ताटातले सहसा टाकत नाही.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला पाककृती येतात आणि त्या आवडीने वाचल्या जातात. त्यांत बरेचदा एखाद्या महागड्या वस्तूचा एकच चमचा सांगितलेला असतो, त्यासाठी अख्खी बाटली विकत आणली जाते आणि उरलेली फ्रीजच्या दारात पडून राहते. तेव्हा संपादकांना विनंती आहे की प्रत्येक पाककृतीसोबत ती किती माणसांना पुरेल, त्यातल्या उरणाऱ्या साहित्याचे दुसऱ्या दिवशी काय करता येईल आणि ती महागडी वस्तू नसेल तर घरातले काय चालेल, एवढ्या तीन ओळी छापाव्यात. उरलेल्या अन्नाच्या पाककृतींसाठी वाचकांकडून अनुभव मागवून एक छोटे सदर सुरू करता आले तर त्याचेही स्वागत होईल. त्यासाठी लिहायला माझ्यासारख्या अनेक वाचक तयार असतील, याची मला खात्री आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक