अनोळखी माणसासाठी एक खोली हवी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मोबाइल गेमच्या व्यसनावर आलेला लेख वाचला. त्यातली काळजी खरी आहे. खेळणाऱ्याला अडकवून ठेवायचं आणि त्याच्याकडून पुन्हा पुन्हा पैसे काढायचे, एवढ्याचसाठी बांधलेले गेम आहेत, आणि त्यांच्याबद्दल पालकांना सावध करायलाच हवं. पण त्या अख्ख्या लेखात ‘गेम’ हा शब्द तेवढ्या एकाच अर्थानं आला आहे. त्याच अर्थापायी गेल्या वर्षी आमच्या गेम करणाऱ्या गटाची जमायची खोली गेली, म्हणून हे पत्र.

मी चित्रकार आहे. वीसेक वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. गेली चार वर्षं आम्ही तिघं मिळून एक छोटा गेम करतोय. कोड लिहिणारा दिवसा नोकरी करतो, संगीत करणारा शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, चित्रं माझी. पूर ओसरल्यावर एक मुलगी आपल्या घरात परत येते आणि एकेक वस्तू शोधत खोल्यांमधून फिरते, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. पाठीशी कंपनी नाही की गुंतवणूकदार नाही. अशा कामाला जगभर इंडी गेम म्हणतात, म्हणजे स्वतंत्रपणे, स्वतःच्या हिमतीवर केलेला गेम.

आमच्यासारखे आणखी पंधरा-वीस जण आहेत. कुणी एकटा करतो, कुणी जोडीनं. एका संस्थेच्या वाचनालयाची वरची खोली आम्हाला महिन्यातून दोन संध्याकाळी मिळायची. लॅपटॉप मांडायचे, हेडफोन लावायचे आणि एकमेकांचं अर्धवट काम खेळून बघायचं. तिथे एकच नियम होता: ज्यानं गेम केला त्यानं मागे उभं राहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. याला आम्ही प्लेटेस्ट म्हणतो. बाहेरून बघणाऱ्याला मुलं गेम खेळत बसली आहेत असं दिसतं, पण गेम घडतो तो इथेच.

एक प्रसंग सांगते. पुस्तक परत करायला आलेल्या साठीच्या एक बाई जिन्यावरचा बोर्ड वाचून वर आल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी गेम खेळला नव्हता. आमच्यातल्या एका मुलीनं ‘या ना काकू’ म्हणून त्यांना माझ्या लॅपटॉपसमोर बसवलं. आमच्या गेममधल्या दुसऱ्या खोलीत एक दार आहे. त्या दारावर मी तीन आठवडे घालवले होते. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ, खाली फुगलेलं लाकूड, निघालेले रंगाचे पापुद्रे, सगळं हातानं रंगवलेलं. काकू त्या दारासमोरून सलग अकरा मिनिटं ये-जा करत राहिल्या. शेवटी मागे वळून मला विचारलं, ‘इथे भिंतच आहे ना?’ मला बोलायची मुभा नव्हती. मी वहीत लिहिलं, ‘दार दिसत नाही.’ भिंतीचा आणि दाराचा करडा रंग इतका जवळचा झाला होता की माझं सगळं बारीक काम भिंतीतच मुरून गेलं होतं. इतके दिवस तेच चित्र बघणाऱ्या माझ्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं.

दाराच्या पुढे तुटलेल्या फरशीवरून उडी मारायची होती. काकू दर वेळी किंचित उशिरा बटण दाबायच्या आणि मुलगी पाण्यात पडायची. पाचव्यांदा पडल्यावर त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, ‘माझ्यानं नाही व्हायचं.’

हे वाक्य ऐकून आमचा प्रोग्रामर त्या रात्री झोपला नसावा. स्क्रीनवर सेकंदाला साठ चित्रं येतात, त्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. फरशीच्या कडेवरून पाय सुटल्यावरही पुढच्या सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उडीचं बटण चालेल अशी सोय त्यानं केली. खेळणाऱ्याला वाटतं आपण कडेवर असतानाच उडी मारली. या युक्तीला आमच्या धंद्यात कोयोटी टाइम म्हणतात आणि उड्या असलेल्या कितीतरी गेममध्ये ती असते. मी दाराला हात लावला नाही. फक्त दाराखालच्या फटीतून ओल्या जमिनीवर उजेडाची एक पिवळी तिरीप सोडली. पंधरा दिवसांनी काकू आपणहून आल्या. दार त्यांना लगेच सापडलं. फरशीवरून पहिल्याच उडीत पलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘आज हात बरा चालतोय.’ आम्ही काय बदललं ते त्यांना कुणीच सांगितलं नाही.

संपादक महोदय, हे घरी बसून होत नाही. आमच्या गटातल्या कुणालाही तो गेम दिला तर त्याला दार कुठे आहे हे माहीत असतं. नातेवाईक ‘छान आहे’ म्हणतात. आपलं मन राखायची ज्याला काही गरज नाही आणि ज्यानं ते काम आधी कधी पाहिलेलं नाही असा माणूस लागतो, आणि असा माणूस सार्वजनिक जागेतच भेटतो.

ती खोली गेल्या वर्षी बंद झाली. खाली मुलं अभ्यास करतात आणि वर गेम चालतात हे बरं दिसत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. आवाज हेडफोनमध्येच असतो हे आम्ही दाखवलं. बसून बघा म्हणालो. चित्रांच्या वह्या, संगीताची टिपणं, कोड, सगळं नेऊन ठेवलं. समोरच्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना त्या शब्दाची भीती होती, आणि ती तुमच्याआमच्या वाचनातूनच त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. आता आम्ही आळीपाळीनं एकमेकांच्या घरी जमतो. येणारे नऊ जण उरलेत, आणि नऊही ओळखीचे.

इंटरनेट असताना जमायचं कशाला, असं मला विचारतात. स्टारड्यू व्हॅली हा गेम एरिक बॅरोन यांनी साडेचार वर्षं खपून केला. कोड, चित्रं, संगीत, संवाद सगळं एकट्यानं. तो 2016 साली आला आणि जगभर खेळला गेला. हे खरंच आहे आणि त्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. पण अपवाद दाखवून बाकीच्यांना एकटं पाडणं मला पटत नाही. सेलेस्ट हा 2018 सालचा गेम घ्या. त्याचं पहिलं रूप दोघांनी मिळून चार दिवसांत केलं होतं, तेही 128 बाय 128 ठिपक्यांच्या आणि फक्त सोळा रंगांच्या मर्यादेत. चित्रकार म्हणून मला त्या सोळा रंगांचा हेवा वाटतो. एवढेच रंग हाताशी असते तर माझं दार भिंतीत हरवलंच नसतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या छोट्या चमूनं केलेल्या हॉलो नाइट या गेमची मुळं तर एका गेम जॅममध्ये आहेत.

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या विषयावर, ठरलेल्या तासांत, जमेल तसा पूर्ण गेम करायचा. लुडम डेअर नावाचा जॅम 2002 पासून चालत आला आहे, तो मुख्यतः ऑनलाइन. 2009 साली ग्लोबल गेम जॅम सुरू झाला तेव्हा मात्र मुद्दाम एकाच छताखाली जमायचं ठरलं. पहिल्याच वर्षी 23 देशांत 53 ठिकाणी लोक एकत्र बसले. हातात अठ्ठेचाळीस तास. अशा एका जॅममध्ये मी आमच्या संगीतकाराला पहिल्यांदा भेटले. चिखलातल्या पावलांचा आवाज हवा म्हणून तो रात्री दोन वाजता परातीत ओला टॉवेल पिळत आणि दाबत बसला होता. तोच आवाज आजही आमच्या गेममध्ये आहे. तिथे आलेल्या एका नाटकवाल्या मुलीनं पुढे आमच्या गेममधल्या आजीच्या पात्राला आवाज दिला. अशी माणसं जाहिरात देऊन सापडत नाहीत.

कामातली अडचणही याच गटानं निभावून नेली. ज्या इंजिनवर, म्हणजे गेम बांधायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आम्ही अडीच वर्षं गेम बांधला होता त्याच्या शुल्काचे नियम बदलणार अशी बातमी आली आणि आमच्या पोटात गोळा आला. गटातल्या एकीला गोडो येत होतं. ते मुक्त स्रोत इंजिन आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं, 2014 साली त्यांनी त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. तिनं सहा शनिवार आमच्या प्रोग्रामरशेजारी बसून आमचा गेम त्यावर आणायला मदत केली. एक पैसा घेतला नाही. तिच्या गेमची मुखपृष्ठं मी काढली, एवढाच काय तो हिशेब.

गेम पूर्ण झाला तरी पुढे काय, हेही सांगायला हवं. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानात 2024 या एका वर्षात 18 हजारांहून अधिक गेम आले. म्हणजे दिवसाला जवळपास पन्नास. त्या गर्दीत नाव नसलेल्या तिघांच्या गेमकडे कोण बघणार? पहिले पन्नास खेळणारे, पहिले पन्नास अभिप्राय हे आसपासच्या माणसांतूनच मिळतात.

आपल्याकडे माझं एक मागणं आहे. आपल्या दैनिकात दर आठवड्याला नाटकाची, चित्रपटाची, पुस्तकाची परीक्षणं येतात, मी ती आवर्जून वाचते. महिन्यातून एकदा एका गेमचं परीक्षण द्या. किती कोटींची उलाढाल झाली ते नको, तो आकडा अर्थपानावर येतोच. चित्र कुणी काढलं, संगीत कुणाचं, खेळताना काय वाटलं, कुठे कंटाळा आला, ते लिहा. वाईट असेल तर वाईट म्हणा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं, मोमानं, 2012 साली चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यात पॅसेज नावाचा एकाच माणसानं केलेला, पाच मिनिटांत संपणारा गेम आहे. त्या पाच मिनिटांत एक माणूस म्हातारा होतो. मी तो पहिल्यांदा खेळले तेव्हा लॅपटॉप मिटून बराच वेळ खिडकीशी उभी होते. त्याच्यावर मराठीत दोनशे शब्द वाचायला मला आवडतील.

दुसरं मागणं आपल्या वाचकांकडे. वाचनालयं, नाट्यसंस्था, चित्रकलेचे वर्ग, शाळा यांपैकी कुणाकडे संध्याकाळी रिकामी राहणारी खोली असेल तर महिन्यातून एकदा द्या. दोन टेबलं, पाच-सहा प्लग आणि उघडं दार, एवढं पुरे. साफसफाई आम्ही करू. आवाज बाहेर येणार नाही. दारावर बोर्ड मात्र लावू द्या, म्हणजे जिन्यावरून जाणारं कुणीतरी वर येईल.

आठ महिने झाले, आमच्या गेमसमोर एकही अनोळखी माणूस बसलेला नाही. तिसऱ्या खोलीत मी एक जिना काढला आहे. तो वर जातो की खाली उतरतो, हे मला आता चित्राकडे बघून कळेनासं झालं आहे.

आपली,
एक नियमित वाचक