झिगांशोरहून आई-बाबांना

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

येथील कामाचा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतला आहे आणि त्यावर सहीही झाली आहे. आईचा आवाज बदलला की मला पुढे बोलवत नाही, म्हणून हे फोनवर न सांगता लिहीत आहे.

बाबा, ‘परमुलखातल्या पोरांना कलमे शिकवतोस, मग आपल्या बागेचे काय?’ असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. सेनेगलच्या या दक्षिण टोकाला, काझामान्समध्ये, काजू उदंड आहे. पण बहुतेक झाडे बीपासून वाढलेली आहेत आणि बी न फोडता पोत्यांतून भारतात व व्हिएतनामला जाते. जूनमध्ये हंगाम संपला की भातशेतीखेरीज हाताशी काही उरत नाही आणि होडीने युरोप गाठायचे म्हणून पोरांचे डोळे समुद्राकडे लागतात. २०२४ मध्ये ४६ हजारांहून अधिक माणसे अशा होड्यांतून स्पेनच्या कॅनरी बेटांवर उतरली. जी वाटेत बुडतात, त्यांच्या घरी कित्येकदा निरोपसुद्धा पोहोचत नाही. अण्णा न सांगता निघून गेले त्यानंतर आजी ओटीवर कशी बसून असायची, हे तुम्हा दोघांना मी सांगायला नको.

संध्याकाळी मी या पोरांबरोबर आंब्याखाली चहाला बसतो. शेगडीवरच्या छोट्या किटलीत हिरवा चहा उकळतो. त्यांतला धाकटा तो उंचावरून पेल्यात ओततो, पुन्हा किटलीत घालतो आणि फेस येईपर्यंत हेच करत राहतो. एकाच पत्तीच्या तीन फेऱ्या होतात. पहिली कडू, नंतरच्या गोड, आणि त्यात दोन तास सहज जातात. पहिल्या फेरीला फुटबॉलच्या गप्पा चालतात, मनातले मात्र तिसऱ्या फेरीला बाहेर येते. होडीसाठी पैसे साठवत असल्याचे एकाने असेच सांगितले. मी त्याला उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती चाकू दिला आणि डोळकाडीला, म्हणजे कलमासाठी घेतलेल्या काडीला, पाचरीसारखा छेद कसा द्यायचा, पट्टी खालून वर कशी गुंडाळायची, हे तुम्ही मला शिकवलेत तसे शिकवले. त्याच्या कलमांना पालवी फुटली आहे. तो जाणारच नाही असे मी छातीठोक सांगू शकत नाही, परंतु कलमाला मोहर तिसऱ्या वर्षी येतो आणि तोपर्यंत त्याच्याजवळ कोणीतरी असावे, असे मला मनापासून वाटते. बागेकडे दादा लक्ष देतो आहे आणि त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे बाबा तुम्हीच म्हणत असता.

आई, माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. येथेही भात आणि मासे हेच मुख्य अन्न आहे. एका मोठ्या परातीभोवती सगळे बसतात आणि माझ्यासमोर माशाचा चांगला तुकडा कोणीतरी हळूच सरकवतो. खोलीत पंखा आहे, मच्छरदाणी आहे, पिण्याचे पाणी बाटलीचे असते. काझामान्स वेगळा व्हावा म्हणून १९८२ पासून चाललेला येथला सशस्त्र संघर्ष आता बराच निवळला आहे आणि मी शहराबाहेर एकटा जात नाही. मागे ताप आला तेव्हा तुझ्या हातच्या पेजेची आणि कपाळावर ठेवलेल्या ओल्या फडक्याची फार आठवण झाली. तेव्हा शेजारच्या मावशींनी भाताची पातळ लापशी आणून दिली आणि मी ती संपवेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

आता माझे ऐका. बाबा, पावसात गडग्यावर चढायचे नाही आणि बीपीची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवायची नाही. मोतीबिंदूची तारीख दादाने घेतली आहे, ती पुढे ढकलू नका. आई, विहिरीचे पाणी शेंदणे बंद. पंप त्यासाठीच बसवला आहे. गुडघ्याला तेल रोज लावायचे. चतुर्थीला मी पंधरा दिवस घरी येणार आहे, तिकीट काढले आहे. गणपतीवरची माटवी मी आल्यावरच बांधा आणि पोरांना दाखवण्यासाठी आपल्या ‘वेंगुर्ला चार’ जातीच्या काजूच्या फांदीचे, मोहरासकट, जुने फोटो दादाकडून काढून ठेवा.

तुमचा,
बाळू