सईचं इंजेक्शन बंद करू नकोस

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळालं. गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे आज गेले, म्हणून आत्ता लिहायला बसले. "सईचे गुडघे आता अजिबात दुखत नाहीत, मग दर २१ दिवसांनी पोरीला रडवायचं कशाला?" हे वाक्य मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा पोटात गोळा आला.

सुनंदा, सईचं हे पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद करू नकोस. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाच.

आमचा दादा आठवतो ना? त्यालाही सईसारखाच ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे सांधे आणि हृदय धरणारा ताप, झाला होता. सहावीत असताना आज त्याचा गुडघा सुजायचा, दोन दिवसांनी तो उतरला की घोटा, मग कोपर. "वाढतं वय आहे, दुखायचंच," असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. आई दिवसभर विड्या वळून, कारखान्यात टाकून यायची आणि रात्री उठून त्याला तेल चोळायची. त्याआधी घसा धरून त्याला ताप आला होता, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. महिन्याभरात सांधे मोकळे झाले, आईने सिद्धेश्वराला नारळ फोडला. २४व्या वर्षी जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा कळलं की हृदयाची झडप आकसली आहे. त्याच्या लग्नात तू नाचलीस, त्याच्या पुढच्याच वर्षी झडप बदलली. रक्त पातळ ठेवायची गोळी आजही एक दिवस चुकवता येत नाही.

म्हणूनच मी प्रयोगशाळेत रमले असेन. घशाचा स्वॅब रक्त घातलेल्या अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरायचा, रात्रभर उबेत ठेवायचा. सकाळी लालभडक प्लेटवर बारीक ठिपके दिसतात आणि ठिपक्याभोवती स्वच्छ, आरपार दिसणारं कडं. तेवढ्या जागेतल्या रक्तपेशी जंतूने फोडलेल्या असतात. हाच तो स्ट्रेप्टोकॉकस. कडं दिसलं की मला अजून दादाचा सुजलेला घोटा आठवतो.

या जंतूच्या अंगावर एम नावाचं प्रथिन असतं, आणि त्याचं आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाशी साम्य आहे. त्याच्याशी लढायला शरीर ज्या अँटीबॉडीज तयार करतं, त्यातल्या काही हृदयावरच उलटतात. म्हणून घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे गेले की सांधे धरतात. सांधे सुटतात गं, झडपेवरचा व्रण मात्र राहू शकतो. घसा पुन्हा धरला की त्याच जागी पुन्हा घाव. सईचं इंजेक्शन गुडघ्यांसाठी नाहीच. तो पुढचा घसा धरूच नये, म्हणून आहे.

अमेरिकेत वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरेन तळावर, बराकीत दाटीने राहणाऱ्या तरुण जवानांमध्ये हा आजार फार होता. तिथल्या डॉक्टरांनी घसा धरल्याबरोबर पेनिसिलिन देऊन पाहिलं आणि १९५० साली छापलं, की वेळेत दिलं तर हा ताप बहुतेक टळतो. त्या बराकींबद्दल वाचताना मला आपल्या पूर्व भागातली खोली दिसत होती. एका भिंतीला माग, दुसरीला चूल, मधे सहा माणसांची अंथरुणं. एकाचा घसा धरला की आठवड्यात सगळ्यांचा.

आणि हे नीट वाच. युगांडात ५ ते १७ वर्षांची ८१८ मुलं घेतली. कुणालाही काही दुखत नव्हतं, फक्त इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेवर सुरुवातीच्या खुणा होत्या. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी हेच इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ३ जणांचा आजार वाढला होता, न घेतलेल्यांपैकी ३३ जणांचा. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. मी त्या रात्री दादाला फोन केला. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

लस अजून नाही, त्याचं एक कारण म्हणजे या जंतूचे २००च्या वर प्रकार आहेत. पण इतकी दशकं वापरूनही पेनिसिलिनला दाद न देणं त्याला जमलेलं नाही. एवढं हुकमी औषध हातात असताना ते सोडायचं?

सई का रडते ते मला कळतं. औषध दाट असतं, दुखतंच. सिस्टरना सांग, बाटली आधी तळहातात धरून कोमट करा, सावकाश द्या. भूल देणारं लिग्नोकेन त्यात मिसळता येईल का, हे डॉक्टरांना विचार. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. रिअॅक्शनच्या भीतीने काही दवाखाने हे इंजेक्शन द्यायला कचरतात, म्हणून जिथे देतात ती जागा सोडू नकोस. किती वर्षं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण सईच्या इकोत सूज दिसली होती, तेव्हा निदान १० वर्षं तरी मनात धरून चाल. आणि धाकट्याला सर्दी-खोकला नसताना ताप येऊन घसा दुखला, तर हळदीच्या गुळण्यांवर भागवू नकोस, दाखवून आण.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वहिनीच्या भावाबरोबर पाठवते आहे. पुढची तारीख कळव. रविवार सोडून कुठलाही वार असू दे, रजा टाकते आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येते. सईचा हात मी धरते, तू बाहेर थांब.

तुझी,
मंगल