पाळायचीच असेल, तर कुठली पाल?

चि. सायलीस
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही फोटो मी आणि बाबांनी पुन्हापुन्हा पाहिले. बाबांचं म्हणणं, "मुलगी फ्रँकफर्टला गेली, नोकरीला लागली, आणि आता पाळणार काय, तर पाल!" आजीला अजून पत्ता लागू दिलेला नाही. तिच्या पंचांगात पल्लीपतनाचं पान आहे, पाल कुठल्या खांद्यावर पडली तर काय फळ हे तिला तोंडपाठ आहे. निळ्या पालीची सोय त्या पानात नाही. माझं विचारशील तर माझी ना नाही. इतकी वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवल्यावर मी पालीला नाकं मुरडणं बरं दिसणार नाही. पण दिवसा जागणाऱ्या या तिघी पालींपैकी कुठली, याबद्दल मात्र मला बोलायचंय.

तुझं मन ज्या निळीवर बसलंय, तिच्यापासून सुरुवात करते. फोटोच असा आहे की कुणीही भाळेल. लायगोडॅक्टायलस विल्यम्साय. उणीपुरी बोटाएवढी, आणि रंग मोराच्या मानेचा. हा रंग फक्त नराचा बरं का, मादी मातकट हिरवी असते. ती राहते टांझानियात, मुख्यतः किंबोझा नावाच्या लहानशा जंगलात, आणि तिथेही हव्या त्या झाडावर नाही, तर केवड्याच्या जातीच्या एका झाडावर. आपला केवडा डोळ्यांसमोर आण. लांब पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, तिथे किडे येतात, तिथेच पाल. पकडणाऱ्यांना झाडावर चढून एकेक धरत बसायला वेळ कुठला? ते झाडच आडवं करतात. डिसेंबर २००४ ते जुलै २००९ या काळात पकडणाऱ्यांच्या एकाच गटाने किमान ३२ हजार पाली नेल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. शेवटी २०१६च्या जोहान्सबर्ग परिषदेत साइट्सने, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, तिला पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे रानातून धरलेल्या पालीचा व्यापार बंद.

तू म्हणशील, आई, जर्मनीत घरी जन्मलेल्या मिळतात, प्रमाणपत्रासह. मिळतात, मान्य. पण कागदावरची पाल आणि पेटीतली पाल एकच आहे हे तू कशावरून ठरवणार? मला तर ते वाचतानाच शंकेची पाल चुकचुकली. जिच्या मागणीपायी रानातली झाडं पडली, ती आपली पहिलीवहिली पाल असू नये, एवढंच माझं मत. पुढे कधीतरी, चांगले जाणकार ओळखीचे झाल्यावर, पुन्हा विचार कर.

राहिल्या दोन, दोघीही फेल्सुमा या एकाच गटातल्या. सोनेरी ठिपक्यांची फेल्सुमा लॅटिकॉडा, आणि पिवळ्या डोक्याची फेल्सुमा क्लेमेरी.

लॅटिकॉडा म्हणजे गल्लीतली दादा. हिरवीगार, मानेवर सोनं उधळल्यासारखे ठिपके, पाठीवर खाली तीन लाल पट्टे. धीट म्हणतात ती हीच. मूळची मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरची, पण माणसाबरोबर कुठे कुठे पोचली. हवाई बेटांवर १९७०च्या दशकात कुणीतरी मोजक्याच सोडल्या, आज तिथे लोकांच्या व्हरांड्यात येऊन जॅमच्या बाटल्या चाटतात. मादागास्करमध्ये ती झाडावरच्या तुडतुड्यांसारख्या किड्यांपुढे मान हलवत उभी राहते आणि ते गोड थेंब सोडले की चाटते. किड्यांकडून वसुली करणारी पाल! हे वाचून बाबांचंही मत जरा निवळलं. पण तिचा धीटपणा स्वतःच्या जातीवरही चालतो. दोन नर एका पेटीत म्हणजे मारामारी ठरलेली, आणि जोडीसुद्धा कधी बिनसली की मादीची शेपटी जाते. तेव्हा दुसरी पेटी लागते. तुझी ती खोली मी पाहिली आहे. दुसरी पेटी कुठे ठेवशील, गादीवर?

म्हणून माझा कौल क्लेमेरीला. लांबी शेपटीसकट नऊ-दहा सेंटिमीटर. डोकं हळदीसारखं पिवळं, मानेकडून निळसर हिरवी छटा, पाठ तांबूस सोनेरी आणि दोन्ही कुशींवर काळा पट्टा. अंग चपटं, कारण तिचं घर वायव्य मादागास्करमधल्या बांबूंच्या फटीत आणि पोकळ पेरांत. तिचं वर्णन शास्त्राच्या दप्तरी अलीकडे, १९९१ साली लागलं, आणि नाव मिळालं ते तुझ्याच गावच्या झेंकेनबर्ग संग्रहालयातल्या क्लेमर या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासकाचं. तिचा धीटपणा वेगळा आहे. ती अंगावर येत नाही, पळूनही जात नाही. माणूस काचेजवळ गेला तरी आपल्या पेरावर बसून बघत राहते. सरावली की बोटावरचा फळाचा गर चाटायला येते. तूही दिवसभर कामावर असतेस, तेव्हा संध्याकाळी पेटीतला दिवा बंद व्हायच्या आधी तासभर तरी समोर दिसेल अशीच हवी.

रानात ही जातही संकटात आहे, हे लपवत नाही. म्हणून अट एकच, पिल्लू पाळणाऱ्याच्या घरी जन्मलेलं हवं. आईबाप दाखवायला सांग, अंडं कधी घातलं, कधी फुटलं ते विचार. जो खरंच पैदास करतो तो या प्रश्नांवर खुलतो, तासभर बोलतो. जो "सगळं ठीक आहे" म्हणून पैसे मोजायला लागतो, त्याच्याकडून उठून ये. हाम गावी सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे जायचं तर पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा, नुसतं बघून ये. फेल्सुमा सगळ्या साइट्सच्या यादीत आहेत, तेव्हा उगमाचा कागद घ्यायचाच, आणि कुठल्या जातीची नोंद करावी लागते ते तिथल्या कार्यालयात आधी विचारून घे.

पेटी आडवी नको, उभी हवी. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० उंच असली की एका जोडीचं भागतं. आत बोटभर जाडीचे पोकळ बांबू, काही उभे, काही तिरके. दिव्याखाली ३२-३३ अंश, बाकी पेटीत २५ ते २८, रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. अतिनील दिवा मात्र टाळू नकोस, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं वाकतात. खाण्याला न उडणाऱ्या फळमाश्या आणि अगदी बारीक रातकिडे, कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून, आणि आठवड्यातून एकदोनदा फळाचा गर. वाटीतलं पाणी त्या क्वचित पितात, पानावरचे थेंब चाटतात. हिवाळ्यात तुमचे हीटर लागले की हवा पापडासारखी कोरडी होते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ फवारा विसरायचा नाही.

मादी असेल तर तिच्या गळ्याकडे बघत जा. मानेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढुरक्या गाठी दिसतील. घाबरून डॉक्टरकडे धावू नकोस. तो कॅल्शियमचा साठा असतो, अंड्यांच्या कवचासाठी. अंडी दोन घालते, बहुधा पोकळ पेरातच. गाठी अगदी सपाट झाल्या की समजायचं, भुकटी कमी पडतेय.

आणि हातात धरायचं नाही, ही गोष्ट पाहुण्यांना दारातच सांगायची. या पालींची कातडी इतकी पातळ की घट्ट धरली तर सोलून हातात येते. शेपटी तर त्याआधीच सुटते. धीट आहे म्हणजे माणसाळली आहे असं नव्हे. तुला कुशीत घ्यायला काही हवं असेल तर मांजर पाळ, मी काही बोलणार नाही.

आता थोडं पुढचं. नीट सांभाळली तर सहा-आठ वर्षं तिचा मुक्काम आहे. दोनेक वर्षांत परत यायचं तू म्हणतेस. २०२२ साली आपल्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, साइट्सच्या यादीतला परदेशी प्राणी जवळ असेल तर नोंद करावी लागते, आणि बाहेरून आणायचा तर परवाने आधी. बॅगेत लपवून आणायचा विचार चेष्टेतही करू नकोस. तेव्हा परत येताना ती कुणाकडे जाणार, ते आत्ताच ठरव. ज्याच्याकडून घेशील त्यालाच विचार, परत घेतोस का म्हणून. चांगले लोक घेतात.

इथे आल्यावर दिवसा जागी पाल बघायची हौस राहिलीच, तर कास आहे. तिथली निमॅस्पिस गिरी ही जात शास्त्राच्या नोंदीत आली २०१४ साली, आणि आपण इतकी वर्षं फुलं बघायला म्हणून तिच्या शेजारून चालत होतो. मागच्या पावसाळ्यात मला एक दिसली, दगडाच्या सावलीच्या बाजूला, दगडाच्याच रंगाची. मी खाली वाकले तर सरकली नाही, नुसती मान तिरकी केली. बाहुली गोल होती, आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी उभी चीर नाही. तिथे बघायचं आणि निघायचं, उचलायचं काही नाही.

नाताळात तू आठ दिवस इकडे येणार आहेस, तेव्हा फवारा कोण मारणार ते कळव. त्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना किडे चालतात का, आधी विचार. फळमाश्यांची बरणी बघून एखादीला भोवळ यायची.

बाबा विचारतायत, दिवसाला वीज किती लागेल. दिव्यांचे वॅट लिहून पाठव, ते हिशेब मांडून बसलेत.

तुझी,
आई