बावीस नंबरच्या फ्लॉपीबद्दल आभार

प्रिय रॉन गिल्बर्ट यांस,

सा. न. वि. वि.

आधी कबुली, मग आभार. समुद्री चाच्यांवरचा तुमचा कॉम्प्युटर गेम 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' मी पहिल्यांदा खेळलो तो फुकटात. इचलकरंजीत वडिलांच्या सुताच्या पेढीवर हिशेबासाठी घेतलेला एक कॉम्प्युटर होता. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला आतेभाऊ दिवाळीच्या सुट्टीत फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन आला. सोबत दोन चकत्या, झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, मधोमध टाचणी. चाच्याचं वरचं अर्धं तोंड खालच्या अर्ध्या तोंडाशी जुळवायचं आणि भोकात दिसेल ते साल टाइप करायचं. नक्कल होऊ नये म्हणून काढलेल्या चकतीचीच ही नक्कल! २००९ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा पैसे मोजून घेतली. मुद्दल फिटलं, व्याज राहिलं. त्यातलं थोडं या पत्रातून फेडतो.

जंगलात एक झाडाचा बुंधा होता, आठवतं? त्याच्या भोकात डोकावलं की खाली बोगदे दिसतात म्हणे, पण आत जायला बावीस नंबरची फ्लॉपी घाला. मग छत्तीस. मग एकशे चौदा. आमच्याकडे एवढ्या फ्लॉप्या कुठल्या! दादाने एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावून आतेभावाला झाडलं, 'अर्धाच गेम दिलास, बाकीच्या फ्लॉप्या दाबून ठेवल्यास.' ती तुम्ही केलेली थट्टा होती, हे कळायला आम्हाला काही वर्षं लागली. आतेभावाची माफी अजून मागितलेली नाही.

मी तेव्हा सातवीत, मराठी माध्यमात. इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायची धास्ती, कारण चूक झाली की वर्ग हसायचा. तुमच्या खेळात ते चकतीवरचं साल सोडलं तर काही टाइपच करायचं नव्हतं. खाली क्रियापदं मांडलेली. एक निवडायचं, मग चित्रातली वस्तू, की वाक्य तयार. चुकीचं वाक्य झालं तर खेळाचा नायक गायब्रश थ्रीपवूड 'हे जमणार नाही' अशा अर्थाचं काहीतरी बोलायचा आणि खेळ पुढे चालू. कोणी हसलंच तर आपणही त्यात असायचो.

मोठा झाल्यावर कळलं की हे आपोआप झालेलं नव्हतं. सिएरा कंपनीच्या 'किंग्ज क्वेस्ट'सारख्या खेळांत आज्ञा टाइप कराव्या लागत, आणि पाय जरा चुकीचा पडला की मरण. तुमच्या आणि गॅरी विनिकच्या १९८७ च्या 'मॅनियाक मॅन्शन'ने टाइप करणं काढून टाकलं, तरी त्यातही पोरं मरतात आणि खेळणारा कायमचा अडकू शकतो. मग १९८९ मध्ये तुम्ही लेखच लिहिलात, अॅडव्हेंचर गेम इतके रद्दी का असतात यावर. खेळणाऱ्याला मारून शिकवू नका, मागे राहिलेल्या वस्तूपायी तासाभराने त्याची वाट बंद करू नका, असं त्यात बजावलंत. आणि पुढच्याच वर्षी टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांना घेऊन तसा खेळ करून दाखवलात.

वर त्याची टिंगलही केलीत. कड्याची कड ढासळते, गायब्रश खाली जातो, आणि थेट सिएराच्या थाटाची चौकट येते: घात झाला, आता पहिल्यापासून सुरुवात करा. दादाने कपाळाला हात लावला. दोन क्षणांत गायब्रश चेंडूसारखा उसळून वर! खाली रबराचं झाड होतं. पेढीवरचे दिवाणजी आमचा आरडाओरडा ऐकून चष्मा सावरत आत आले होते.

तलवारबाजीसुद्धा हातापेक्षा तोंडाने. समोरच्याने टोमणा मारायचा, आपण त्याला चपखल उत्तर द्यायचं. तमाशातले सवाल-जवाबच की! चाच्यांकडून हरत हरत टोमणे गोळा करायचे. मग तलवारबाजीत पटाईत असलेली ती बाई नवेच टोमणे मारते आणि जुनीच उत्तरं नव्याने बसवावी लागतात. मी ते सगळे शंभर पानी वहीत उतरवले, डिक्शनरी घेऊन. माझं इंग्रजी तिथून सुरू झालं. ते जरा उद्धट आहे, अशी तक्रार पुढे साहेबांकडून आली.

आता तुमचा खरा उपकार. मी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पहिल्या संस्थेतल्या कॅशियर बाई कीबोर्डवर बोट ठेवायला तयार नव्हत्या. 'चुकीचं बटण दाबलं गेलं तर?' हा एकच प्रश्न. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये त्याचं उत्तर वाईट होतं: नोंद अर्धवट राहायची आणि मला एसटीने जावं लागायचं. त्या रात्री तुमचा लेख पुन्हा वाचला आणि एका जागी बसून प्रोग्रॅमचे सगळे पडदे नव्याने लिहिले. कुठल्याही पडद्यावरून मागे जाता आलंच पाहिजे, आणि चुकलं तर काय चुकलं ते साध्या मराठीत सांगायचं. रबराचं झाड सगळीकडे लावून ठेवलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा नव्या मुलीला त्याच शिकवत होत्या.

तुमचं पुढचं मी दुरून पाहिलं. १९९२ मध्ये लुकासआर्ट्स ही कंपनी सोडून शेली डे यांच्यासोबत ह्यूमंगस ही स्वतःची कंपनी काढलीत, आणि 'पट-पट'सारखे खेळ अगदी लहान पोरांसाठी केलेत. मंकी आयलंड मात्र लुकासआर्ट्सकडेच राहिलं. तिसरा भाग १९९७ मध्ये तुमच्याविना निघाला, आणि २०१२ मध्ये सगळंच डिस्नेकडे गेलं. आपल्या पोराला दुसऱ्याच्या घरी वाढताना बघण्यासारखंच ते. २०१४ मध्ये तुमच्या 'थिंबलवीड पार्क' या नव्या खेळासाठी लोकांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर सहा लाख डॉलरच्या वर जमवले, तेव्हा वाटलं, चला, आपल्यासारखे बरेच आहेत. मग २०२२ मध्ये 'रिटर्न टू मंकी आयलंड'! चित्रं आवडली नाहीत म्हणून काही जणांनी तुम्हाला नको ते सुनावलं, त्याची मला आमच्या सगळ्यांच्या वतीने लाज वाटते. माझ्या भाचीला तीच चित्रं आवडली. अडलं की ती खेळातलंच मदतीचं पुस्तक उघडायची. मी उघडलं नाही. त्यात शहाणपण तिचंच होतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इचलकरंजीचा एक चाचा

ता. क. दुसऱ्या भागातल्या धबधब्याच्या पंपाबद्दल बोलायचं राहिलं. तो बंद करायला म्हणे पियानो वाजवणारं माकड केळ्याने भुलवून आणायचं आणि पान्यासारखं फिरवायचं. तीन आठवडे गेले. शेवटी सगळ्यावर सगळं लावून बघताना सुटलं, पण का सुटलं ते कळेना. अमेरिकेत त्या पान्याला मंकी रेंच म्हणतात, हे फार पुढे समजलं. तेव्हा आम्ही शेजारच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला जाऊन विचारलं होतं. तो म्हणाला, 'ह्याला पाना म्हणत्यात. माकड कुठनं आलं?' त्या एका कोड्याचे आभार मी मानणार नाही.