दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरची देखभालही बजेटमध्ये धरा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वाळवा तालुक्यातल्या काही दूध संस्था आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं मी सांभाळते. संकलन, फॅट-एसएनएफप्रमाणे (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घनघटक) दर, दहा दिवसांचं बिल, ॲडव्हान्सची कपात, दिवाळीचा फरक, सगळं त्यावर चालतं. सहकाराच्या संगणकीकरणाबद्दल वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, तेव्हाही भरपूर चर्चा झाली. आमच्याकडच्या दूध संस्था मात्र स्वतःच्या पैशातून सॉफ्टवेअर घेतात आणि एकदा ते बसलं की विषय संपला, असं धरून चालतात. ते पुढे सांभाळायचं कोणी आणि कोणत्या खर्चातून, हे संचालक मंडळाच्या बैठकीत निघतच नाही. म्हणून हे पत्र.

असं सॉफ्टवेअर कोणी शून्यापासून लिहीत नाही. आमचं जँगो या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभं आहे. जँगो पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि त्याच्या जोडीला डेटाबेसशी बोलणारं, बिलाची पीडीएफ काढणारं, एक्सेल वाचणारं, एसएमएस पाठवणारं अशी कितीतरी पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे तुकडे, असतात. ती जगभरातल्या लोकांनी लिहिलेली असतात आणि प्रत्येकाच्या व्हर्जनला मुदत असते. जँगोच्या ३.२ या व्हर्जनच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०२४ मध्ये बंद झाल्या. ४.२ ला एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत होती, ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंतची आहे. या तारखा आधीपासून जाहीर असतात. तरीही ३.२ वर, अगदी २.२ वरसुद्धा उत्पादकांची बिलं निघताना मी पाहते. त्या डेटाबेसमध्ये सभासदांचे बँक खाते क्रमांक असतात.

‘ताई, बिल निघतंय ना? मग कशाला छेडायचं?’ हे चेअरमनसाहेबांचं नेहमीचं उत्तर. त्यामागची भीती मला कळते. एका संस्थेत आधीच्या पुरवठादाराने सगळी पॅकेजेस एका रात्रीत नवी केली आणि सकाळी काट्यावर रांग लागलेली असताना लॉगिनच होईना. असं एकदा पाहिलेला सेक्रेटरी पुन्हा कोणाला सर्व्हरला हात लावू देत नाही. पण हात न लावण्याचीही किंमत असते. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचं २०१७ चं प्रकरण पाहा. अपाची स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कमधल्या छिद्राची दुरुस्ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात उपलब्ध झाली होती. कंपनीच्या एका सिस्टीमवर ती बसवायची राहिली, मे महिन्यात चोर त्याच वाटेने आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

अपग्रेड नीट करायचं म्हणजे काय, हे आमच्याच कामातल्या एका गोष्टीवरून सांगते. जँगो ५.० मध्ये वेळेच्या हिशेबाची एक मूळ सेटिंग बदलली. यूज-टीझेड नावाची ही सेटिंग तुम्ही लिहिलेली नसेल, तर आधी ती बंद धरली जायची, आता चालू धरली जाते. ती चालू असली की ‘आत्ता किती वाजले’ याचं उत्तर भारतीय वेळेत न येता जागतिक प्रमाणवेळेत येतं, म्हणजे साडेपाच तास मागचं. आमच्याकडे सकाळचं संकलन पाचला सुरू होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी घातलेलं दूध जागतिक वेळेनुसार आदल्या रात्रीच्या ११.४० चं ठरतं. जुन्या कोडने त्यातून नुसती तारीख उचलली, की ११ तारखेचं दूध १० तारखेला जमा. आमचं बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असं निघतं. म्हणजे साडेपाचच्या आत डेअरीत येणाऱ्या प्रत्येक उत्पादकाचं त्या दिवसाचं दूध आधीच्या बिलात गेलं असतं. पडद्यावर एकही एरर आली नसती. लिटरची एकूण बेरीज महिन्याला जवळपास जुळलीही असती. चुकलं असतं ते एकेकाचं पासबुक, आणि एखाद्या माऊलीने खिडकीशी येऊन विचारलं असतं तेव्हा कोणाकडेच उत्तर नसतं.

हे आधीच पकडता आलं, कारण जँगो अशा बदलाची सूचना बरंच आधी देतं. ४.० पासूनच तो इशारा येत होता. पण असे इशारे एरवी दडलेले असतात. पायथन ‘-डब्ल्यू-ए’ हा पर्याय देऊन चालवलं की ते एकेक करून दिसतात. ३.२ वरून थेट ५.२ वर उडी मारणाऱ्याला हा इशारा कधी दिसलाच नसता. म्हणून मधल्या पायऱ्या गाळायच्या नाहीत: २.२, मग ३.२, मग ४.२, मग ५.२. एका व्हर्जनवरचे सगळे इशारे मिटल्याशिवाय पुढचं व्हर्जन घ्यायचं नाही. जँगोच्या स्वतःच्या कागदपत्रांतही टप्प्याटप्प्यानेच जायला सांगितलंय.

क्रमही महत्त्वाचा आहे. जँगो ५.२ ला पायथन किमान ३.१० आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस किमान १४ लागतो. ४.२ पायथन ३.१२ पर्यंत चालतं. त्यामुळे जुन्या जँगोवरच आधी पायथन वर न्यायचं, काही दिवस तसं चालू द्यायचं, मग डेटाबेस आणि शेवटी जँगो. तिन्ही एकदम बदललं आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं हे शोधण्यातच आठवडा जातो.

प्रत्येक टप्प्याला खऱ्या डेटाची प्रत वेगळ्या सर्व्हरवर उतरवायची, एसएमएस बंद करायचे, मागच्या महिन्याची तिन्ही बिलं नव्या कोडवर पुन्हा काढायची आणि जुन्या बिलांशी पैशापर्यंत ताडून पाहायची. पाच पैशांचा फरक आला तरी थांबायचं. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो उतरवून त्यातून बिल निघतं का हे पाहावं लागतं. कोड मागे घेणं सोपं असतं. पण डेटाबेसच्या तक्त्यांत बदल झाला असेल तर मागे येणं अवघड होतं, म्हणून तक्त्यांतले बदल आणि पॅकेजचं अपग्रेड मी कधीच एका दिवशी करत नाही. वेळ निवडायची ती बिल वाटून झाल्यानंतरच्या दिवसाची, सकाळचं आणि संध्याकाळचं संकलन यांच्या मधली, भर दुपारची. काही अडलंच, तर सेक्रेटरी, मी आणि सर्व्हरवाला तिघेही जागे असतो. या कामासाठी रात्र निवडायची पद्धत आता सोडायला हवी.

आणि नवं आलं की लगेच घ्या, असंही माझं म्हणणं नाही. ८ सप्टेंबर २०२५ ला जावास्क्रिप्टच्या जगातल्या चॉक, डीबग अशा अत्यंत वापरातल्या पॅकेजेसमध्ये चोरांनी घातक कोड घुसवला. पॅकेज सांभाळणाऱ्याला फसवा ईमेल पाठवून त्याचं खातं काबीज केलं होतं. काही तासांतच ती व्हर्जन्स काढली गेली, पण तेवढ्या वेळात ज्यांच्याकडे आपोआप नवं उतरत होतं, त्यांना धोका होता. आमच्या भागात अजूनही पॅकेजच्या यादीत नुसती नावं लिहिलेली दिसतात, व्हर्जनचा आकडा नाही. सर्व्हर नव्याने उभा केला की त्या दिवशी जे मिळेल ते बसतं. आकडा पक्का लिहिलेली यादी, म्हणजे लॉक फाइल, हवीच, आणि तीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे त्यात फेरफार झालेला नाही हे ओळखण्याची खूणही हवी. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर तपासून तातडीने घ्यावी, बाकीच्या नवेपणाला चार-आठ दिवस थांबलं तर बिघडत नाही.

हे सगळं करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे पडतात. बहुतेक एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात प्रिंटर, नेट, ‘सॉफ्टवेअर सपोर्ट’ असे शब्द असतात, अपग्रेडचा उल्लेख नसतो. मग पुरवठादार ते करत नाही आणि संस्था मागत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तशी यादी, व्हर्जन आणि प्रत्येकाची मुदत संपण्याची तारीख एवढं एका कागदावर पुरवठादाराकडून दरवर्षी घेता येईल. सहकार खात्याने लेखापरीक्षणाच्या तपासणीत हा कागद धरावा आणि लेखापरीक्षकांनी तो मागावा, अशी माझी विनंती आहे.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. सभासदांना माझं सांगणं आहे की अंदाजपत्रक मंजूर करताना सॉफ्टवेअरच्या अपग्रेडसाठी किती रक्कम धरली आहे, हे उठून विचारा. धरली नसेल तर त्याच सभेत धरायला लावा.

आपली,
एक सॉफ्टवेअर अभियंता,
वाळवा, जि. सांगली