मिस्त्रीकाका, त्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी

मिस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

त्या संध्याकाळी घसा दाटून आला होता, म्हणून नुसतं "येतो काका" म्हणून निघालो. जे बोलायचं राहिलं ते आज सगळ्यांसमोर लिहितोय.

आठ महिने गाडी मागून वाजत होती. चाक खड्ड्यात गेलं की धपकन आवाज, वळणावर मागचा भाग झोला खायचा. एकदा दगडी उतारावर गाडी मागून बाजूला सरकली, तेव्हा मागे बसलेल्या आईने जे हँडल धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही. तुमच्याआधी दोन गॅरेज झाली. एकाने पाहताक्षणी दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले, आवाज तसाच. दुसऱ्याने मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, चढवला, गाडी दगडासारखी कडक झाली. तक्रार केली तर म्हणाला, "डोंगरात फिरवायची गाडी, एवढं चालायचंच." खाली वाकून पाटा हलवून बघायची तसदी दोघांनीही घेतली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहार लावलीत, एकदाच हलवलीत आणि म्हणालात, "बुश गेलेत." काढलेला बुश, म्हणजे पाट्याच्या टोकात बसणारी रबराची नळी, माझ्या तळहातावर ठेवलात. रबराला भेगा पडलेल्या, कडेने भुगा सुटत होता, मधलं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं. शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीच्या, पिनाही एका अंगाने झिजलेल्या. बुश, पिना, पाटा आसाला बांधणारे यू-बोल्ट, दोन्ही बाजूंचं सगळं नवं घातलंत, तो जादाचा पाटा काढलात.

मला वाटलं, झालं काम. पोरगा हात धुऊन शटर ओढायला निघाला होता. तुम्ही गाडी चाकांवर उतरवलीत, मागून दोन-चारदा दाबून हलवलीत, पोतं अंथरलंत आणि बोल्ट मोजक्या जोराने आवळायचा पाना, टॉर्क रेंच, घेऊन पुन्हा खाली शिरलात. "आता काय राहिलं?" विचारलं, तर आतूनच म्हणालात, "चाकं लोंबकळत असताना बुशचे बोल्ट आवळले तर गाडी टेकल्यावर रबर पिळलेलंच राहतं, लवकर फाटतं. वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळायचं."

काका, ते पिळलेलं रबर मला कधीच दिसलं नसतं. वर्षभरात फाटलं असतं, तर मी रस्त्याला दोष देऊन नवे बुश घालायला तुमच्याकडेच आलो असतो. हे तुम्हालाही ठाऊक होतं, तरी अंधारात अर्धा तास पाठीवर पडून राहिलात. ज्याच्या भरवशावर आपण घरच्यांना गाडीत बसवतो, त्याने इतकं मनावर घ्यावं, याचं मोल मला करता येत नाही. अशी माणसं भेटली की माणसावरचा उडालेला विश्वास परत बसतो.

परवा त्याच उतारावरून आलो. आई मागे झोपली होती.

पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा तपासायला या, म्हणाला होतात. चारशे ऐंशी झालेत. रविवारी येतो, आईही येतेय.

तुमचा ऋणी